घावला न्हाई

माझ्या भाचीच्या सासरच्यांनी तिच्या लग्नात आजार आणला आणि त्यात माझी बहीण गेली, असं आमच्या नात्यागोत्यात सगळे धरून चालतात. फलटणजवळच्या बहिणीच्या गावात तर शाळकरी पोरंही तसंच सांगतात. ते खरं नाही. आजार बहिणीच्या घरात लग्नाआधीच शिरलेला होता आणि मला ते लग्नाच्या आदल्या दुपारी कळलं होतं. दुसऱ्या कुणाला माहीत नव्हतं. मी आता सत्तरीच्या पुढे आहे. हे माझ्याबरोबर गेलं तर खापर दुसऱ्याच माणसांच्या डोक्यावर कायमचं राहील, म्हणून लिहून ठेवतो आहे.

मी फौजेत लॅब टेक्निशियन होतो. ईशान्येकडच्या एका ठाण्यावर हिवतापाच्या स्लाइड बघण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. तिथल्या आमच्या साहेबांनी पहिल्याच आठवड्यात माझा एक रिपोर्ट परत पाठवला होता. मी हिंदीत लिहिलं होतं, ‘जंतू नहीं है.’ साहेब म्हणाले, “तू त्याचं सगळं रक्त बघितलंस का? एक थेंब बघितलास. नहीं है मत लिखो. नहीं मिला लिखो.” तेव्हापासून मी हाताखालच्या पोरांनाही तेच शिकवलं. निवृत्त होऊन पलूसला बाजाराच्या रस्त्यावर दोन खोल्यांची लॅब टाकली, तिथेही साध्या लघवीच्या रिपोर्टवर ‘आढळले नाही’ असंच लिहीत आलो. लोक हसायचे. एक गिऱ्हाईक तर म्हणालं होतं, “आवं, न्हाई तर न्हाई म्हणा की, शाई जास्त झालीया का?”

कोरोनाची दुसरी लाट आली तेव्हा लॅबमध्ये दोन तऱ्हेच्या तपासण्या चालायच्या. एक झटपट किट. नाकात काडी फिरवायची, नळीतल्या पाण्यात घोळवायची, त्याचे थेंब पट्टीवर टाकायचे आणि पंधरा मिनिटं थांबायचं. वरची रेघ उमटली म्हणजे किट चालू आहे. तिच्याखाली दुसरी उमटली म्हणजे विषाणू आहे. दुसरी तपासणी आरटीपीसीआरची. तिचा नमुना बर्फाच्या डब्यात घालून मी सांगलीच्या मोठ्या लॅबला पाठवायचो. त्या गर्दीत रिपोर्ट यायला तीन-चार दिवस लागत.

दोन्हींत फरक काय, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. ताप असलेल्या माणसाचं किट कोरं आलं, तर मी त्याचा दुसरा नमुना सांगलीला पाठवायचो आणि दोन्ही निकाल एका वहीत शेजारी शेजारी लिहायचो. किटवर रेघ आलेला माणूस सांगलीच्या रिपोर्टात सहसा सुटायचा नाही. पण किटवर कोरा असलेला माणूस सांगलीहून पॉझिटिव्ह होऊन यायचा, आणि असं पुन्हा पुन्हा व्हायचं. तापाच्या पहिल्या एक-दोन दिवसांत तर किटच्या कोऱ्या पट्टीवर भरवसा ठेवण्यात अर्थ नव्हता. सांगलीचीही तपासणी चुकायची, काडी नाकात वरवर फिरवली तर तीही कोरी यायची. पण ती किटपेक्षा फार बारीक शोधायची. हे सगळं माझ्याच अक्षरात माझ्याच टेबलावर पडलेलं होतं.

भाचीचं लग्न लोणंदच्या एका घरात ठरलं होतं. मोजकी माणसं, बहिणीच्या अंगणात छोटा मांडव. नवऱ्या मुलाच्या वडिलांनी आधीच फोन करून सांगितलं होतं, “पाव्हणं, आमच्याकडच्या सगळ्यांची तपासणी आमी करून येतो. तुमच्याकडची तुमी करून घ्या. कुणाला कमीजास्त असंल तर सांगा, आठ दिवस पुढं ढकलू. त्यात काय न्हाई.” हे वाक्य मी मुद्दाम लिहितो आहे. लग्न पुढे ढकलायला ती माणसं तयार होती.

आदल्या दिवशी मी पलूसहून गाडी घेऊन गेलो. बरोबर किटं होती, बर्फाचा डबा होता, त्यात सांगलीला पाठवायच्या नळ्याही होत्या. बहीण माझ्याहून धाकटी. तिच्या नवऱ्याला, वयानं लहान असला तरी, मी दाजी म्हणतो. दाजी अंगणात मांडवाच्या बांबूला टेकून उभे होते. डोळे लाल दिसत होते.

“काय हो दाजी, दमला?”

“उन्हानं. सकाळधरनं बांबूच वढतोय. अंग जरा कसकसतंय. गोळी खाल्लीया.”

“ताप हाय का?”

“ताप कसला. लेकीचं लगीन हाय, आता ताप यायला वेळ हाय का मला?”

बहीण आतून म्हणाली, “दादा, तू त्यांच्या नादी लागू नगंस. काडी घाल नाकात आन मोकळा हो. सैपाक झालाय.”

मी पडवीत टेबल मांडलं. दाजींची काडी शेवटी घेतली. त्यांना शिंक आली, त्यांनी मान मागे घेतली आणि काडी हवी तितकी आत गेली नाही. दुसऱ्या कुणाची असती तर मी पुन्हा घातली असती. दाजी डोळे पुसत हसले आणि म्हणाले, “मेंदू काढताय व्हय पाव्हणं?” सगळे हसले. मीही हसलो आणि तीच काडी नळीत बुडवली.

पंधरा मिनिटं झाली. सगळ्यांच्या पट्ट्यांवर एकेकच रेघ होती. बहीण पदराला हात पुसत टेबलापाशी आली. तिला ती पट्टी वाचता येत नव्हती. ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

“न्हाई न्हवं?” तिनं विचारलं.

मी म्हणालो, “न्हाई.”

आयुष्यभर जो शब्द मी रिपोर्टवर लिहिला नाही, तो तिला तोंडानं सांगितला. तिनं विचारलंच अशा तऱ्हेनं होतं, की दुसरं उत्तर द्यायला थांबावं लागलं असतं, समजावून सांगावं लागलं असतं. मला ते नको होतं. नवरीला मांडवात आणायचा मान मामाचा असतो आणि मी त्यासाठी नवा फेटा घेऊन आलो होतो.

त्या वर्षी थंडीत बहिणीच्या घरामागच्या उसात बिबट्या शिरल्याची बोलवा होती. वनखात्याची माणसं येऊन उसाभोवती दोन दिवस फिरली आणि ‘घावला न्हाई’ असं सांगून गेली. त्यानंतर बहिणीनं महिनाभर कुणाला त्या उसात पाऊल टाकू दिलं नाही. वैरण दुसऱ्या वावरातनं आणली. घावला न्हाई म्हणजे काय, ते तिला बरोबर कळत होतं. तोच शब्द मी त्या दुपारी वापरला असता तर तिनं दाजींना माडीवर बसवलं असतं आणि लोणंदला स्वतः फोन लावला असता. एवढी ती शहाणी होती.

जेवणं झाली. तासाभरानं मी पट्ट्या पिवळ्या पिशवीत भरायला पडवीत आलो. प्रत्येक पट्टीवर मी नाव घातलेलं होतं. दाजींची हातात आली आणि तिच्यावर मला दुसरी रेघ दिसली. फिकट. पाण्यात धुतलेल्या पेन्सिलीसारखी. मी चष्मा काढून पुसला, अंगणाच्या उजेडात गेलो, पट्टी तिरकी धरली. रेघ होतीच.

किटच्या पत्रकात लिहिलेलं असतं की अर्ध्या तासानंतर निकाल वाचू नये. पट्टी वाळताना कधी कधी खोटी रेघ उमटते, हे खरं आहे. मी ते स्वतः पाहिलेलं आहे. पण अंग कसकसणाऱ्या, डोळे लाल झालेल्या माणसाच्या पट्टीवर आलेल्या रेघेला वाळल्याची रेघ म्हणून सोडून द्यायला मी नवशिका नव्हतो. माझ्याकडे एक किट शिल्लक होतं. पंधरा मिनिटांत पुन्हा बघता आलं असतं. डब्यात नळी होती, सांगलीचा नमुना घेता आला असता. मी यांतलं काहीही केलं नाही. डोक्यात एकच वाक्य फिरत होतं, अर्ध्या तासानंतर वाचू नये. मी पट्टी पिशवीत टाकली आणि गाठ मारली. हातांना सॅनिटायझर लावला. मला आठवतं, मी तो तीनदा लावला.

दुसऱ्या दिवशी मी भाचीला मांडवात आणलं आणि तिच्या मागे उभा राहिलो. अंतरपाटापलीकडे लोणंदची माणसं मास्क लावून, एकमेकांपासून लांब उभी होती. आमच्याकडच्यांचे मास्क हनुवटीवर आले होते, कारण मामानं तपासलं होतं. कन्यादानाला बहीण आणि दाजी मांडीला मांडी लावून बसले. दाजींना एकदा खोकला आला. बहिणीनं तिच्याच हातातला पाण्याचा तांब्या त्यांच्या तोंडाला लावला आणि नंतर स्वतः प्यायली. मंगलाष्टकांचा एक शब्द माझ्या कानावर पडला नाही. मी त्या तांब्याकडे बघत होतो. ओरडावंसं वाटत होतं आणि ओरडलो तर काय होईल याची भीती त्याहून मोठी होती. नवऱ्या मुलाचे चुलते दाजींना भेटायला आले, तेव्हा दाजींनी त्यांना मिठी मारली. ते बिचारे आधी दोन पावलं मागे सरले होते.

तिसऱ्या दिवशी दाजींना सडकून ताप भरला. फलटणला आरटीपीसीआर केली, ती पॉझिटिव्ह आली. पाचव्या दिवशी बहीण पडली. त्याच सुमारास लोणंदहून कळलं की मुलाच्या चुलत्यांनाही खोकला-ताप आहे. सगळ्यांनी लग्नापासून दिवस मोजायला सुरुवात केली. लग्नाच्या आधीचे दिवस कुणी मोजलेच नाहीत, कारण आदल्या दिवशीचा माझा ‘न्हाई’ मध्ये उभा होता.

दाजी घरीच बरे झाले. बहिणीच्या बोटाला लावलेल्या यंत्रावर ऑक्सिजनचा आकडा उतरत गेला. ब्याण्णव, मग अठ्ठ्याऐंशी. मी पलूसहून फोनवर तो आकडा विचारायचो आणि उत्तर येईपर्यंत श्वास धरून बसायचो. साताऱ्याला बेड मिळाला. तिथे आत कुणाला सोडत नव्हते. तिच्याजवळ मोबाइल होता. एका सकाळी तिचा फोन आला. दोन शब्द बोलायची, मग दम घ्यायची. त्या दमाचा आवाज मला अजून ऐकू येतो, कधी कधी स्वतःच्याच श्वासात, आणि मी उठून खिडकी उघडतो.

“दादा, आमच्यात कुणाकडनं आला रं?”

मी आकडा किती आहे ते विचारलं.

“तू तर बघितलं हुतंस.”

“लग्नातनं आला असंल,” मी म्हणालो.

“व्हय. त्यो चुलता खोकत हुता म्हणं.”

चुलता लग्नात एकदाही खोकला नव्हता. खोकले होते ते दाजी. मी म्हणालो, “तू जास्त बोलू नगंस. पडून राहा.” ते तिच्याशी माझं शेवटचं बोलणं. त्यानंतर चौथ्या दिवशी ती गेली.

लग्नातनं आला, हे तिनं जाण्याआधी दाजींनाही फोनवर सांगितलं होतं. दादानं सांगितलं, असं म्हणाली होती. मरणाऱ्या बायकोचा शब्द आणि लॅबवाल्या मेव्हण्याची साक्ष. त्यापुढे लोणंदच्या माणसांचं कोण ऐकणार? मुलाचे वडील दहाव्याला आले, तर दाजींनी त्यांना फाटकाच्या आत घेतलं नाही. “माझं घर बुडवलंत, आता पाणी कशाला पाजू तुमाला?” मी तिथे होतो. त्या माणसानं माझ्याकडे बघितलं. आमच्याकडच्या सगळ्यांची तपासणी आम्ही केली होती, तुम्ही सांगा ना, असं काहीसं त्या नजरेत होतं. मी खाली बघितलं. दाजी त्यानंतर लेकीच्या घरी गेले नाहीत. तिला मुलगा झाला, बारसं झालं, तरी गेले नाहीत. ती यायची, दोन तास थांबून जायची, आणि सासरच्यांचं नाव निघालं की बाप उठून गोठ्यात जायचा.

मी लॅब बंद केली. लोकांना गुडघ्यांचं कारण सांगितलं.

यंदा भाचीचा फोन आला. मुलगा शाळेत घालायच्या वयाचा झाला होता. म्हणाली, “मामा, तो विचारतो, माझे दुसरे आजोबा आपल्या घरी का येत नाहीत. काय सांगू? तुमचं ते ऐकतात. एकदा घेऊन या त्यांना.” मी बरं म्हणालो आणि फोन ठेवला. त्यांना लोणंदला न्यायचं तर खरं सांगावं लागणार होतं. आणि खरं सांगायचं म्हणजे त्या माणसाला सांगायचं की तुझ्या बायकोला आजार तूच दिलास. आजवर मी स्वतःला हेच बजावत आलो होतो की त्यांना वाचवायला गप्प आहे. पण भीती मला माझ्यासाठीच होती.

बहिणीच्या गावी गेलो तेव्हा दाजी म्हशीपुढे वैरण टाकत होते. मी उभ्यानंच सांगायला सुरुवात केली, कारण बसलो असतो तर उठून आलो असतो.

“दाजी, लग्नाच्या आदल्या दिवशी तुमच्या पट्टीवर रेघ आली हुती. उशिरा आली. मी बघितली. कुणाला सांगितली न्हाई.”

“कसली रेघ?”

मी सगळं सांगितलं. किट, वही, शिल्लक राहिलेलं दुसरं किट, नळी, साताऱ्याहून आलेला फोन. त्यांनी वैरणीची पेंढी हातातनं खाली ठेवली नाही.

“म्हंजे मला आधीच हुता.”

“हुता.”

“आन तुमाला ठाऊक हुतं.”

“व्हय.”

म्हशीनं पेंढी ओढली, तेव्हा कुठे त्यांनी हात सोडला. म्हणाले, “दहाव्याला आलेल्या माणसाला मी पाणी दिलं न्हाई.”

“माझ्यामुळं, दाजी.”

“तुमचं तुमी बघा. पर ताप मला आलता, पाव्हणं. दोन दिस आधीपास्नं. तुमी इचारलंत आन मी उन्हाचं सांगितलं.” मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “जावा आता.” आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं वाटलं असतं.

आठ दिवस काही कळलं नाही. मी रोज फोन हातात घ्यायचो आणि ठेवून द्यायचो. त्या माणसानं स्वतःचं काही बरंवाईट करून घेतलं तर, हा विचार सकाळी डोळे उघडायच्या आधी यायचा. मग भाचीचा फोन आला.

“मामा, माझे आप्पा आलेत. सकाळच्या एस्टीनं. सासऱ्यांच्या पाया पडले हो, एवढ्या वयात. सासरे रडायला लागले. पण ते घरात येईनात. फाटकापाशी खुर्चीवर बसलेत, तोंडाला उपरणं बांधून. थोडी सर्दी झाली आहे म्हणतात. पोराला जवळ येऊ देईनात, पाण्याचा तांब्यासुद्धा वेगळा ठेवलाय. आणि सारखं एकच म्हणतात, पाव्हण्यांना बोलवा, काडी घालू द्या.”

आता कोण कुणाची तपासणी करतं? पण मी वाटेत औषधाच्या दुकानातनं किट घेतलं आणि दुपारपर्यंत लोणंदला पोचलो. दाजी फाटकाच्या सावलीत बसले होते. उपरण्याच्या वर नुसते डोळे. नातू ओट्यावर आईचा हात धरून उभा होता, पहिल्यांदाच घरी आलेल्या आजोबांकडे बघत.

मी खुर्ची ओढून समोर बसलो. काडी आत घातली, त्यांना शिंक आली, त्यांनी मान मागे घेतली. मी म्हणालो, “दाजी, पुन्हा घालावी लागंल.” त्यांनी दोन्ही हातांनी खुर्ची धरली आणि मान वर केली. या वेळी मी नीट घातली.

पट्टी आमच्या दोघांच्या मध्ये स्टुलावर ठेवली. मी मनगटातलं घड्याळ काढून तिच्या शेजारी ठेवलं. मुलाचे वडील पायरीवर येऊन बसले. पंधरा मिनिटं झाली. एकच रेघ होती.

दाजींनी विचारलं, “न्हाई न्हवं?”

तोच प्रश्न, तसाच. माझ्या तोंडात उत्तर तयार होतं. ओट्यावर पोरगं हात सोडवून घ्यायला बघत होतं.

“घावला न्हाई,” मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. बिबट्याचा ऊस त्यांचाच होता. “म्हंजे असंल बी,” ते म्हणाले.

“असंल बी. साधी सर्दी असायची शक्यता जास्त. उद्या पुन्हा बघू. सांगलीला नमुना पाठवायचा तर नळी आणून तोही घेतो.”

“घ्या.” मग पट्टीकडे बोट करून म्हणाले, “आन ही उचलू नगा. बघू अजून.”

पत्रक सांगतं की अर्ध्या तासानंतर वाचू नये. मला ते पाठ आहे. भाचीनं पोराला ओट्यावरच मांडीत घेतलं. त्यानं तिथूनच विचारलं, “आजोबा, त्यात काय दिसतंय?” आणि दाजी उपरण्याआडून म्हणाले, “बघतोय, बाळा.” पट्टी वाळत चालली होती. आम्ही दोघं तिच्यावर वाकून, दुसरी रेघ येते का ते बघत बसलो.